म्हाळूचे जोडखडे

सावरघळात बारा चुली पेटत होत्या आणि मीठ घाटाखालून डोक्यावरून चढत होतं, त्या काळची ही गोष्ट. किती वर्षं झाली, ते कुणालाच सांगता येत नाही. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, माझ्या आज्यानंसुद्धा ही ऐकलेलीच होती.

सावरघळ हे गवळी धनगरांचं गाव. डोंगराच्या पोटात आहे. गावाच्या मागून एक चढण जाते आणि चढण संपली की एकदम सगळं सपाट होतं. तो सडा. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावर अंथरल्यासारखा पडलेला काळा कातळ. त्या काळी कातळावर वीतभर माती होती. मातीत गुडघाभर गवत होतं. आणि त्या गवतात खरपुडी उगवत असे.

खरपुडीचं पान गवताच्या पात्यासारखंच अरुंद. गवतात ती उभी असली तरी पाहणाऱ्याला दिसत नाही. भाद्रपदात तिला फूल येतं. हिरवट पांढरं, बंद पाकळ्यांचं, टांगलेल्या कंदिलासारखं. मग दोन शेंगा धरतात, बैलाच्या शिंगांसारख्या समोरासमोर. कार्तिकात त्या शेंगा तडकतात आणि आतलं बी रेशमाच्या पिसाऱ्यावर बसून वाऱ्याबरोबर निघून जातं. त्यानंतर झाड वाळतं आणि मोडून पडतं. वर काही म्हणजे काही उरत नाही. पण मातीत, चार बोटं खोल, पेढ्याएवढा चपटा कंद असतो. तो कच्चा खाल्ला तर आधी गोड लागतो आणि मग जिभेच्या कडेला थोडा आंबट. उकडून खाल्ला तर पोटाला आधार होतो.

हा कंद घराजवळ लावून पाहणारे पुष्कळ झाले. परसात लावला, नाचणीच्या शेतात लावला, शेणखत घालून लावला. सगळीकडे कुजला. जिथं माती वीतभरच आहे आणि खाली कातळ आहे, जिथं पाणी थांबत नाही आणि धावतही नाही, तिथंच तो जगतो. म्हणजे सड्यावरच.

फाल्गुन-चैत्रात नाचणी संपायची, वरी संपायची, तेव्हा सावरघळ खरपुडीवर दोन महिने काढायचं. पण त्या वेळी तर वर पान नसतं, देठ नसतो. मग कंद शोधायचा कुठं? यासाठी गावात एक बाई खुणा घालायची. ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिचं नाव म्हाळू. म्हाळू झोरे. तिला हे काम तिच्या सासूकडून आलं होतं आणि सासूला तिच्या सासूकडून.

काम असं होतं. भाद्रपदात खरपुडी फुलावर आली की म्हाळू ओढ्यातून पांढऱ्या गारगोट्या वेचायची, सुपारीएवढ्या. त्या घोंगडीच्या पिशवीत भरायची आणि अनवाणी सड्यावर जायची. जिथं खरपुडी दिसेल तिथं तिच्या चढाच्या अंगाला एक खडा ठेवायची. एक खडा म्हणजे हा कंद खायचा. चार झाडांना असा एकेक खडा घातला की पाचव्या झाडाला ती दोन खडे घालायची, एकमेकांना टेकवून. त्याला जोडखडा म्हणत. जोडखड्याखालचा कंद कुणी काढायचा नाही. तो फुलायचा, शिंगं धरायचा, बी उडवायचा, आणि पुढच्या वर्षीची खरपुडी त्याच्यापासून व्हायची. उन्हाळ्यात गाव वर यायचं, एकट्या खड्याखाली खुरपं घालून कंद काढायचं, खड्डा पुन्हा बुजवायचं आणि खडा म्हाळूच्या पिशवीत टाकायचं. जोडखडे तिथंच राहायचे.

मरताना सासूनं तिला एकच गोष्ट बजावली होती. जोडखडा हलवायचा नाही.

म्हाळू विधवा होती. मूलबाळ नव्हतं. तिचा दीर राघू आणि जाऊ ठमी शेजारच्याच खोपटात राहत. त्यांना एकच मुलगी होती, चंद्री. सहा वर्षांची. ही चंद्री आईजवळ कमी आणि म्हाळूच्या पाठीवर जास्त असायची.

चांगल्या वर्षांत खरपुडी काढायचा दिवस जत्रेसारखा जायचा. बायका म्हाळूची थट्टा करायच्या.

"म्हाळूआक्का, तुझ्या टाचेला डोळं हायेत म्हनं?"

"हायेत की. म्हनून तर पायतान घालत न्हाई. आंधळी हुतील."

ती खरोखरच खाली न पाहता चालायची. चालता चालता थांबायची आणि म्हणायची, "हितं." खुरपं घातलं की कंद निघायचाच. एकदा राघूनं पैज लावली. आपलं मुंडासं सोडून तिच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं, तिला तीन गिरक्या दिल्या आणि म्हणाला, "आता सांग वहिनी." म्हाळू हात पसरून हळूहळू चालली, वीस पावलांवर थांबली, टाच टेकवली आणि म्हणाली, "हितं." कंद निघाला. अशी ती एकूण तेरा वेळा थांबली आणि तेराही वेळा कंद निघाला. त्या दिवसापासून सगळं सावरघळ मानू लागलं की म्हाळूच्या टाचेला मातीखालचं दिसतं. कंद फुगायला लागला की तिला कातळाला कान लावून ऐकू येतं, असंही लोक म्हणत. म्हाळू आधी हसायची. पुढं हसायची थांबली. कारण तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी सड्यावर खडे जागच्या जागी होते, ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही.

मग ते वर्ष आलं. पाऊस श्रावणात थांबला आणि परत आला नाही. नाचणीची कणसं रिकामी राहिली. फाल्गुनात गाव सड्यावर चढलं ते मुकाट्यानं, आणि एकट्या खड्यांखालचे सगळे कंद काढून खाली उतरलं. दुसऱ्या वर्षी पाऊस आला तो माती भिजेपर्यंतच. सड्यावर खरपुडी उगवली ती फक्त जोडखड्यांखालची. फुलं आली आणि शिंगं न धरताच गळाली. म्हाळूनं मोजली. एकशे चोवीस होती. त्यांच्या शेजारी नवीन एकही रोप नव्हतं.

कार्तिकापर्यंत म्हशी गेल्या. पाच चुली घाट उतरून समुद्राकडे गेल्या आणि त्यांची पुन्हा खबर आली नाही. सात चुली राहिल्या. माणसं उंबराची साल कुटून खाऊ लागली.

एके दिवशी राघू म्हाळूच्या दारात येऊन बसला.

"वहिनी, जोडखडं किती हायेत?"

"ते मोजायचं नसत्यात, भावजी."

"तू मोजल्यात. तुझ्या तोंडावर दिसतंय."

"एकशे चोवीस."

"मग बसलीयस कशाला? खुरपं घे. माणसं साली चघळाय लागली."

म्हाळू म्हणाली, "सात चुली. एकशे चोवीस कंद आठ दिस पुरतील. नवव्या दिशी काय खानार? आन् पुढच्या साली? आन् त्याच्या पुढं? एकदा ही काढली की सड्यावर खरपुडी म्हनून ऱ्हानार न्हाई. माझ्या सासूच्या सासूपासनं राखलीय ती."

राघू उठला. जाता जाता म्हणाला, "तुझ्या पोटी लेकरू न्हाई वहिनी, म्हनून तुला खडं गोड लागत्यात."

चंद्री त्या वेळी तिच्या मांडीवर झोपली होती, असं म्हणतात.

चार दिवसांनी म्हाळू सड्यावर गेली तेव्हा तिला तीन खड्डे दिसले. उघडे, न बुजवलेले. शेजारी जोडखडे भिरकावून दिलेले. कोण आलं होतं ते तिनं शोधलं नाही. भूक सातही घरांत होती. पण तिला कळून चुकलं की आता रोज एक खड्डा दिसेल, आणि मग रोज दहा. गवत बाजूला सारलं की पांढरा खडा लगेच दिसतो. ज्या खुणा गावाला वाचवण्यासाठी होत्या, त्याच आता कंदांचा ठाव सांगत होत्या.

ठमी तिला वाटेत भेटली. ठमी म्हणाली, "आक्का, तुला सून न्हाई तर मला दाव. कंद कुठं हायेत ते बघून ठेवते. तुला काय झालं तर कुनाला तरी ठावं पायजे."

म्हाळू म्हणाली, "तू आय हायेस. आधी पोटच्या पोरीचं बगशील."

ठमी म्हणाली, "बगीन तर बगीन. आय हाय म्हनूनच तर इचारते."

म्हाळू पुढं गेली. तीन दिवस ती सड्यावर होती. तीन दिवसांत तिनं एकशे एकवीस ठिकाणचे जोडखडे उचलले. प्रत्येक ठिकाणी उभं राहून तिनं आजूबाजूचं मनात धरलं. इथं कुसळी गवताचा झुबका. इथून चार पावलांवर करवंदीचा वाळका बुंधा. इथं गवत पश्चिमेला लवलेलं. मग टाच टेकवली, खडे पिशवीत टाकले आणि पुढं गेली. पिशवी इतकी जड झाली की खाली उतरताना ती दोनदा बसली. खोपटात येऊन तिनं पिशवी आढ्याला टांगली. कुणाला काही बोलली नाही.

सासूनं बजावलेली एकमेव गोष्ट तिनं मोडली. ती मोडली ती खरपुडी वाचावी म्हणून.

पौष गेला, माघ गेला. गावातली दोन म्हातारी माणसं गेली. फाल्गुनात राघूच्या मनात आलं की सड्यावरचं गवत जाळावं. गवतात लपलेले पांढरे खडे मग उघडे पडतील, वहिनीनं दाखवले नाहीत तरी दिसतील. त्यानं कुणाला विचारलं नाही. दुपारी वारा सुटला तेव्हा तो वर गेला आणि कडेच्या गवताला त्यानं विस्तव लावला. सावरघळातून माणसांनी पाहिलं तर डोंगराच्या माथ्यावर धूर. संध्याकाळपर्यंत सडा जळून गेला. कुसळीचे झुबके गेले, करवंदीचे बुंधे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही चुलींची माणसं वर जाऊन उभी राहिली. सडा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा होता आणि त्यावर एकही पांढरा खडा नव्हता.

राघू धावत खाली आला. "वहिनी, खडं कुठं हायेत?"

म्हाळूनं आढ्याकडे बोट केलं.

राघूनं पिशवीकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग आता?"

"माझ्या टाचंत हायेत," म्हाळू म्हणाली.

आणि राघूला ते पटलं. गावाला पटलं. डोळे बांधून तेरा कंद काढलेली बाई होती ती. उलट सगळ्यांना बरंच वाटलं, की आता चोरी व्हायची भीती नाही आणि वेळ आली तर म्हाळू आहेच.

चैत्रात वेळ आली. चंद्रीचं अंग सुजलं आणि मग तिनं डोळे उघडणं सोडलं. ठमी म्हाळूच्या दारात आली आणि उंबऱ्यावर डोकं टेकून बसली.

"आक्का, समदं गाव मागत न्हाई. एक दे. एक कंद. उकडून त्याचं पानी घालते तिच्या तोंडात. एक कमी झाला तर सडा मरत न्हाई."

म्हाळूनं खुरपं उचललं. ती म्हणाली, "एक न्हाई, चार काढू. चल."

दोघी वर गेल्या. म्हाळू सड्याच्या कडेला थांबली, डोळे मिटले आणि चालायला लागली. वीस पावलं गेली. थांबली. टाच टेकवली. "हितं."

ठमीनं खुरपं घातलं. चार बोटं खणलं, आठ बोटं खणलं, कातळाला खुरपं लागलं. काही नव्हतं.

म्हाळू म्हणाली, "जरा अल्याड." तिथंही काही नव्हतं. मग ती दहा पावलं पुढं गेली. मग मागं आली. डोळे उघडून पाहिलं तर सगळीकडे सारखीच राख, सारखीच काळी माती. कुसळीचा झुबका शोधावा तर झुबका नाही. करवंदीचा बुंधा शोधावा तर बुंधा नाही. ऊन माथ्यावर आलं, कललं. दोघींनी चाळीस ठिकाणी खणलं. म्हाळूची टाच प्रत्येक ठिकाणी थांबत होती आणि मातीखाली प्रत्येक ठिकाणी कातळ होता.

संध्याकाळी म्हाळू खाली बसली आणि आपल्या पायाकडे बघत राहिली. तेव्हा तिला कळलं, असं म्हणतात. तिचा पाय इतकी वर्षं कंद शोधत नव्हता. तिचा पाय खडा शोधत होता. डोळे बांधलेले असताना प्रत्येक वेळी पायाच्या बोटांना खडा लागत होता आणि मग टाच थांबत होती. हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राघूही वर आला. गाव वर आलं. म्हाळू सांगेल तिथं सगळे खणू लागले. दुपारी एका बाईनं खुरपं फेकलं आणि ओरडली, "लबाड हाय ती! समदं ठावं हाय तिला. एकटी खानार हाय."

दुसरी म्हणाली, "खाल्लं असतं तर अशी दिसली असती का गं? हाडं बघ तिची."

राघू म्हाळूजवळ येऊन उभा राहिला. म्हाळूनं त्याला हळूच विचारलं, "भावजी, गवत कशापायी जाळलंत?"

"खडं दिसावं म्हनून."

"मी खडं उचललं ते तुमास्नी दिसू न्हाईत म्हनून."

यानंतर ती दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

तिसऱ्या दिवशी गाव वर आलं नाही. ठमीही आली नाही, ती चंद्रीजवळ बसली होती. म्हाळू एकटीच खणत होती. खुरप्याचं पातं मोडलं तेव्हा ती बोटांनी उकरू लागली. नखं गेली. आणि उन्हं उतरायच्या वेळी, जिथं तिच्या टाचेनं काहीही सांगितलेलं नव्हतं अशा जागी, तिच्या बोटांना एक कंद लागला. सुकलेला, सुरकुतलेला, पण आतून ओला. तिनं त्या जागेकडे मागं वळूनही पाहिलं नाही. कंद पदरात घेतला आणि चढण धावत उतरली. त्या दिवशी तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, असं म्हणतात.

गावाच्या खालच्या अंगाला माणसं उभी होती. पोरीला मूठमाती देऊन परतत होती. ठमी सगळ्यांच्या मागं होती, आणि तिच्या दोन्ही हातांना माती होती.

म्हाळूनं पदर उघडून तिच्यापुढं धरला.

ठमीनं कंदाकडे पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आता दावतीस व्हय आक्का?"

आणि पुढं चालू लागली.

म्हाळू तिथंच उभी राहिली. मग खोपटात गेली, आढ्यावरची पिशवी काढली, खांद्याला लावली आणि सड्याची चढण चढू लागली. हातात तो कंद होता. सड्यावरचा कदाचित शेवटचा कंद. तो जिथून काढला तिथंच परत ठेवायचा, म्हणजे निदान एक तरी राहील, असं तिच्या मनात असावं. पण ती जागाही तिनं पाहून ठेवली नव्हती. सड्यावर तीन दिवसांतले दोनशेच्या वर खड्डे होते. त्यातला तो कुठला?

त्यानंतर म्हाळूला खाली उतरताना कुणी पाहिलं नाही.

राहिलेली माणसं मात्र वर जात राहिली. आता कुणाला राखायचं नव्हतं आणि कुणी राखणारं नव्हतं. पहारी घेऊन गेली, टिकाव घेऊन गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सड्याची वीतभर माती उलटीपालटी झाली. काहींना चार कंद मिळाले, काहींना दोन. बहुतेकांना काही मिळालं नाही. खणताना म्हाळू दिसायची का, असं विचारलं तर गाव दोन तऱ्हांनी सांगतं. कुणी म्हणतं, दिसायची, लांबवर वाकून चालताना, आणि जवळ गेलं की नसायची. कुणी म्हणतं, काही दिसायचं नाही, फक्त खडा खड्याला टेकल्यासारखा आवाज यायचा.

मग ज्येष्ठात पाऊस आला. दोन वर्षांचा राहिलेला पाऊस एकदम आला. नऊ दिवस थांबला नाही. सड्याच्या मातीला धरून ठेवायला गवताचं मूळ उरलं नव्हतं आणि माणसांनी ती भुसभुशीत करून ठेवली होती. सगळी माती पाण्याबरोबर निघाली. घळीतून गढूळ पाणी वाहत होतं, नऊ दिवस आणि नऊ रात्री. ती माती सावरघळच्या अंगणांतून गेली, ओढ्यात गेली, ओढ्यातून नदीत गेली.

दहाव्या दिवशी पाऊस उघडला. राघू आणि ठमी, आणि आणखी पाचसात माणसं, सड्यावर गेली. माती नव्हती. धुतल्या तव्यासारखा काळा कातळ होता, आणि त्याच्यावर पांढरे खडे होते. दोन दोन, एकमेकांना टेकवलेले. एवढ्या पावसात एकही हलला नव्हता. राघूनं ते मोजले. एकशे एकवीस जागा होत्या.

म्हाळूला सगळ्या जागा आठवल्या होत्या, असं म्हणतात. एकही चुकली नव्हती. पण खडे ज्याची खूण सांगत होते, ते खाली उरलं नव्हतं.

तिची रिकामी पिशवी कातळाच्या एका खाचेत सापडली. म्हाळू सापडली नाही. ते सुपारीएवढे दोन दोन खडे पुरातून कसे राहिले, हे कुणी सांगू शकत नाही. काही म्हणतात, नऊ दिवस ती एकेका जोडखड्यावर हात धरून होती, एकाच वेळी एकशे एकवीस जागी.

राघू चार-पाच वर्षांनी वारला. ठमी पुष्कळ जगली. तिला आणखी मुलं झाली, त्यांना मुलं झाली. भाद्रपदात खरपुडी फुलावर यायची त्या दिवसांत ती दरवर्षी सड्यावर जायची. गुरांच्या पायांनी एखादा खडा सरकला असेल तर तो सरळ करायची, दुसऱ्याला टेकवायची. म्हातारपणी तिला चढण चढवेना, तेव्हा तिनं नातसुनेचा हात धरला आणि तिला एकेक जागा दाखवली. हितं. हितं. हितं. नातसून म्हणाली, "आजीबाय, हितं तर काईच न्हाई." ठमी म्हणाली, "मला ठावं हाय. तरी बघून ठेव."

तेव्हापासून सावरघळचा नेम आहे. जे काही एकाला ठाऊक आहे, त्याची जागा दुसऱ्याला दाखवायची. झऱ्याचं तोंड कुठं आहे, बियाण्याची नाचणी कुठल्या कणगीत आहे, मधाचं पोळं कुठल्या कड्याला आहे, मेलेल्याला कुठं पुरलं आहे. नवी सून घरात आली की पहिल्या आठ दिवसांत सासू तिला हाताला धरून हे सगळं फिरवून दाखवते. कुणी एखादी गोष्ट एकट्यानं राखायला लागलं तर शेजारपाजारची माणसं भांडत नाहीत, शिव्या देत नाहीत. फक्त विचारतात, "म्हाळू व्हनार हायेस व्हय?" एवढ्यावर माणूस उठतो आणि दाखवतो.

आणि भाद्रपदाच्या अमावास्येला गाव सड्यावर जातं. प्रत्येक घरातून दोघं, एक जाणतं आणि एक नवं. त्या दिवशी कुणाच्याही पायात पायताण नसतं. ओढ्यातून वेचलेल्या दोन पांढऱ्या गारगोट्या बरोबर असतात, एखादी हरवली असली तर तिच्या जागी ठेवायला. जाणतं माणूस जोडखड्यापाशी थांबतं आणि म्हणतं, "हितं." नवं माणूस वाकून पाहतं आणि मोठ्यानं म्हणतं, "म्हाळू, बघितली गं खूण."

एकशे एकवीस वेळा हे होतं. सकाळी सुरू केलं तर उन्हं कलेपर्यंत चालतं.

माती परत आलेली नाही. खाचांमधून शेवाळ धरतं, पावसाळ्यात चिमूटभर गवत उगवतं आणि दिवाळीपर्यंत वाळून जातं. सावरघळात आज जिवंत असलेल्या कुणीही खरपुडीचं फूल पाहिलेलं नाही. ते कसं असतं ते फक्त सांगून माहीत आहे. हिरवट पांढरं, बंद पाकळ्यांचं, टांगलेल्या कंदिलासारखं.

तरीही नवं माणूस खूण बघितली असं म्हणून लगेच उठत नाही. दोन खड्यांच्या बुडाशी बोट घालून ते कातळ चाचपतं. कुणी तसं करायला सांगितलेलं नाही. मग बोट पुसतं आणि पुढच्या जोडखड्याकडे जातं.